झाडं पोरींची

सासरी जायची माझी पहिली एसटी मोहाच्या झाडापायी चुकली. फाट्यावर गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही, आमचे हे डोक्यावर ट्रंक घेऊन एक पाय पायरीवर अन् एक पाय जमिनीवर. आणि नवरी कुठं? तर नवरी टेकडीच्या उतारावर, हळदीच्या अंगानं झाडाला मिठी मारून उभी. हौस म्हणून नव्हे. मायनं मानगुटीला धरून उभी केली होती.

"नीट धर," माय म्हणत होती. "हातात मावत नाई तं न मावो, पण धर. त्याले समजलं पायजे की तू जाऊन राह्यली."

खालून कंडक्टर ओरडला, "ओ पाव्हणे, नवरी चढवता का गाडी नेऊ?" आता हे काय सांगणार? नवरी रडते आहे म्हणून सांगता आलं असतं, तसं सगळेच सांगतात. नवरी झाडाला भेटते आहे, हे सांगायची त्या बिचाऱ्याला लाज वाटली. गाडी गेली. दुसरी आली ती उन्हं उतरल्यावर. तोवर सगळं वऱ्हाड फाट्यावर बसून वाटेतल्या शिदोरीच्या पोळ्या खाऊन मोकळं झालं. संसारातलं आमचं पहिलं बोलणं मला अजून पाठ आहे. ह्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "कोणतं झाड होतं?" मी म्हटलं, "मोहाचं." हे म्हणाले, "बरं." झालं. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण लिहायला कोणी मना केलेलं नाही, म्हणून लिहून टाकते. किसन.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, टेंभरीच्या लेकींनो. ज्या गेल्या त्यांच्यासाठी, आणि सुना होऊन ज्या टेंभरीत आल्या त्यांच्यासाठीही. तुम्हीही कुठून तरी गेलेल्याच आहात.

बाहेरच्या कोणाच्या हाती हा कागद लागला तर त्याच्यासाठी थोडं सांगते. टेंभरी म्हणजे आर्वी-कारंजाकडच्या डोंगरातला आमचा गोंडांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती. आमच्या टोल्यात शेत पोराचं आणि मोह पोरीचा. पोरीचं नाव ठेवायच्या दिवशीच उतारावरचा एक मोह तिच्या नावानं करायचा, त्याच्या बुडाभोवती दगडांचं कडं मांडायचं, हळद लावायची. पोरगी सासरी जाते, मोह माहेरी राहतो. चैतात फुलं गळतात, ती माहेरच्यांनी वेचायची, वाळवायची. अर्धी वेचणाऱ्याची, अर्धी सासरी पोचवायची. आणि तिला विचारल्याशिवाय त्या झाडाची फांदीसुद्धा तोडायची नाही, मग ती पोरगी म्हातारी होऊन बसलेली का असेना. कोणी वाट विचारली तरी आमच्याकडे असंच सांगतात, "सखूच्या मोहापासून वर जा, शांतीचा मोह आला की डाव्या हाताले वळा." सखू आणि शांती कधीच्या गाव सोडून गेलेल्या.

टोल्याचा मुखत्यार माझा बाप. म्हणजे फेटा बापाच्या डोक्यावर. तंटा घेऊन कोणी आलं की बा बाजेवर बसायचा, मिशीवरून हात फिरवायचा, सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी गंभीरपणे म्हणायचा, "मुखत्यार मीच आहो. पण ते पाण्याले गेली, येऊ द्या तिले." ते म्हणजे माय. मग माय यायची, घडा उतरवायची, ओल्या चुंबळीनंच तोंड पुसायची आणि दोन वाक्यांत निकाल द्यायची. बा तोच निकाल मोठ्या आवाजात पुन्हा सांगायचा. कोणाला त्यात गैर वाटलं नाही, बाला तर मुळीच नाही. एकदा माय माहेरी गेली होती, तेव्हा दोन भाऊ बांधावरून भांडत आले. बानं त्यांना जेवू घातलं, झोपवलं, पुन्हा जेवू घातलं, पण निकाल काही दिला नाही. माय येईस्तोवर त्या दोघांची पुन्हा दोस्ती झालेली.

तर अशा घरातून मी बोरगाव मेघेच्या एका भाड्याच्या खोलीत येऊन पडले. ह्यांना वर्ध्याच्या जिनात काम होतं, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत अंगाला कापूस चिकटलेला. घरमालक नामदेवराव, शेती करणारं जुनं घर, माणूस चांगला, पण भिंतींच्या बाबतीत फार हळवा. खिळा ठोकायचा तर त्यांना विचारायचं. मी आरसा टांगायचा म्हणून विचारलं. ते आले, भिंतीवर कान ठेवून टकटक केलं, खिळा केवढा, आरसा केवढा, रोज किती वेळा बघणार, सगळं विचारलं आणि म्हणाले, "पावसाळा होऊ द्या, मंग पाहू." कित्येक पावसाळे झाले. आरसा पिठाच्या डब्याला टेकलेलाच राहिला आणि मी उकिडवं बसूनच वेणी घालत राहिले. ज्या पोरीच्या नावानं डोंगरावर अख्खं झाड उभं, तिला शहरात एक खिळा मिळेना.

पहिल्याच वैशाखात माय आली. डोक्यावर गाठोडं, गाठोड्यात माझ्या वाट्याची मोहफुलं. आता आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, आणि मोहाचा वास तर कोसावरून ओळखू येतो. एसटीत मायच्या अवतीभवतीची माणसं नाकाला पदर-रुमाल लावून उठून गेली म्हणे, आणि मागच्या बाकावरचे दोघे-तिघे उठून जवळ येऊन बसले. "लई भले माणसं होते," माय कौतुकानं सांगत होती. "सारखे इचारत होते, मावशी, कुठं उतरता?"

मायनं आल्या-आल्या नामदेवरावांच्या गच्चीवर फुलं पसरली. दुपारपर्यंत सगळ्या आळीला वास, आणि संध्याकाळी दारात पोलीस शिपाई. मी आधी दार लोटून घ्यायला धावले. माय मात्र त्याला पाट देऊन म्हणाली, "बस बापू. उन्हाचा आला." ज्वारीच्या पिठात मोह घालून केलेल्या दशम्या तव्यावर होत्याच. त्यानं आधी नको म्हटलं, मग एक खाल्ली, मग दुसरी. दारू कुठं आहे हे विचारायला आलेला माणूस दशमीत तीळ घातले का हे विचारू लागला. जाताना हळूच म्हणाला, "घरी न्यायले थोडी फुलं देता का? बायकोले दाखवतो."

"मले काऊन इचारता?" माय म्हणाली. "मोह हिचा आहे. हिले इचारा."

आणि तो खाकी कपड्यातला, पट्ट्यावाला माणूस माझ्याकडे वळला. मी तेव्हा कशीबशी विशीत. हातात टोपी धरून म्हणतो, "बाई, नेऊ का?" सरकारी माणसानं मला काही विचारायची ती आयुष्यातली पहिली वेळ. मी इतकी गडबडले की सगळंच गाठोडं द्यायला निघाले होते, मायनं पाठीत कोपर मारलं म्हणून वाचलं.

तेवढ्यानं भागलं असतं तर ती माझी माय कसली! दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नामदेवरावांच्या आंगणातला आंबा पाहिला, भरलेला, फांद्या वाकलेल्या. तिनं सरळ त्यांना विचारलं, "हा कोणत्या पोरीचा?"

"पोरीचा म्हणजे? आमचाच आहे."

"बहीण नाई काय तुम्हाले?"

"आहे ना. कमला. नाचणगावले देली."

"मंग तिचाच. तिले पोचवता ना अर्धे आंबे?"

नामदेवराव पोट धरून हसले. मायला वाटलं, पोचवत असतील, म्हणून हसले. तिला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. बहिणीचं झाड आणि भाऊ खातो, असं जगात कुठं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. पण ओसरीवर ज्वारी निवडत बसलेली त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, हसल्या नाहीत. काकूंच्या माहेरी आमराई होती, आणि तिथून कधी कैरीसुद्धा आली नव्हती. ही गोष्ट काकूंच्या तोंडून पुलगावच्या बाजारात गेली, तिथून नाचणगावला. आठवडा गेला न गेला तोच कमलाबाई रिकामं पोतं घेऊन दारात उभ्या. "दादा, माह्या आंब्याले आली," म्हणाल्या. नामदेवरावांनी पोतं भरून दिलं, करतात काय! त्यानंतर दरसाल भरून दिलं. मला मात्र त्यांनी पुढं खिळ्याचं विचारायचीही सोय ठेवली नाही.

दिवस जात राहिले. मी सेवाग्रामच्या दवाखान्यात आया म्हणून लागले. वॉर्ड, ड्यूटी, नाईट, ऑफ, असले शब्द जिभेवर बसले. घरात नळ आला, रॉकेलचा स्टो आला, पोरगी झाली, तिचं नाव वंदना. वंदनाचं नाव ठेवलं तेव्हा मी टेंभरीला गेले नाही. ड्यूटी होती. मायनं निरोप पाठवला, "लेकीच्या लेकीसाठी माहेरी नवा मोह काढत नाई, तुहाच मोह तिचा होईल." खरं सांगते, मला तेव्हा हसू आलं होतं. शाळेत जाणाऱ्या पोरीला मोह घेऊन काय करायचं आहे? चैतात येणारं गाठोडंही मला जड वाटू लागलं होतं. शेजारणी वास येतो म्हणायच्या.

आणि मग एका उन्हाळ्यात आर्वीच्या गाडीचा कंडक्टर दवाखान्याच्या फाटकात निरोप देऊन गेला. "टेंभरीच्या मुखत्यारीणबाईनं सांगितलं, सुमनले म्हणा, झाडानं बोलावलं. ताबडतोब येजो."

झालं होतं असं. जंगलाचे एक साहेब टोल्यात आले होते. आमच्या उतारावरचे सगळे मोह काढून तिथं सागवान लावायचं ठरत होतं, भोवती तार मारून. मोह म्हणजे काय, तर वाकडंतिकडं लाकूड, फायदा शून्य. पण त्या उतारावर टोल्याचा जुन्या काळापासूनचा निस्तार होता, म्हणजे फुलं-फळं-सरपण घेण्याचा हक्क. म्हणून नंतर तक्रार नको, मुखत्यारानं सगळ्यांच्या वतीनं राजीखुशीचा अंगठा द्यावा, अशी साहेबांची इच्छा. साहेब नवखे होते. बानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मुखत्यार मीच आहो. पण ते पाण्याले गेली."

माय आली. घडा उतरवला.

"झाडं आमचे नाईत," म्हणाली.

साहेब खूश. म्हणाले, "तेच तर सांगतो बाई. सरकारची आहेत."

"सरकारचेही नाईत. पोरींचे आहेत. आमी दोघं कोण अंगठा देणारे?"

"मग बोलवा पोरींना. कुठं आहेत?"

"सासरी."

"बोलवा," साहेब पुन्हा म्हणाले. त्यांना वाटलं असेल, समोरच्या झोपडीतून चारपाच पोरी येतील परकर सावरत. तो एक शब्द साहेबांना फार महागात पडला.

मायनं जिल्हाभर निरोप सोडले. एसटीचे कंडक्टर, बाजारातले बांगडीवाले, जिनातले हमाल, जो सापडेल त्याच्याकडून. मी पोचले तेव्हा फाट्यावर जत्रा भरल्यासारखी गर्दी. दर गाडीतून कोणी ना कोणी उतरत होतं, कडेवर पोर, डोक्यावर बोचकं. कोणी गवंड्याच्या हाताखाली काम करणारी, कोणी वीटभट्टीवरची, कोणी मास्तरीण. माझी सखुआत्या, बाची थोरली बहीण, बैलगाडीतून आली. तोंडात दात नाही, पण गाडीतूनच भांडत आली, "कोण म्हणते माहा मोह वाकडा?"

सगळ्यात चिडलेला होता माझा भाऊ महादेव. त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. सागवान लागलं तर खड्डे खोदायला माणसं लागतील, टोल्यातल्या पोरांना घराजवळ काम मिळेल. चूक नव्हतं ते. मजुरीसाठी दरसाल घाटाखाली उतरणं त्यालाच ठाऊक. पण मला पाहून तो जे बोलला ते माझ्या काळजात रुतलं. "तू तं नळाचं पाणी पिते," म्हणाला. "तुले काय पडलं मोहाचं? गेली ते गेली. आता इथलं आमी पाहू ना."

मोहाचं गाठोडं आलं की नाक मुरडणारी मीच होते. मायच बोलली. "राह्यलेल्याचा शब्द रोजच चालते रे महादेवा. गेलेलीचा एवढाच तं असते." त्याला ते पटलं नव्हतं. टोल्यातली तरणी पोरं त्याच्याच मागे होती. मायचा शब्द या वेळी खाली पडला असता तर उतार तर गेलाच असता, पण पुढं मायकडे निकालाला कोणी आलं नसतं. तिला हे माहीत होतं. त्या दिवशी तिच्या हातची भाकरी तव्यावर करपली.

साहेब आले, जीपमधून, सोबत चुन्याची बादली घेतलेला माणूस. ज्या झाडाला राजीखुशी मिळेल त्याच्यावर पांढरी फुली मारायची. म्हणाले, "चला, आलात ना सगळ्या? एकेकीनं हो म्हणा, मी मोकळा."

"असं कसं?" माय म्हणाली. "आत्ताच आल्या. माहेरी आलेल्या पोरीले उपाशी कोणी इचारते काय?"

आमची रीतच तशी. आधी पाय धुवायला पाणी, मग जेवण, मग डोक्याला टोरीचं, म्हणजे मोहाच्याच बियांचं तेल. तेल लागल्याशिवाय माहेरवाशिणीला कामाचं विचारायचं नाही. एवढ्या डोक्यांना तेल लावायचं म्हणजे दिवस जाणारच. साहेब बाजेवर बसून बघत राहिले. ऊन रणरणतं. शेवटी डोकं दुखतं म्हणाले, तर सखुआत्यानं त्यांचीही टोपी काढून टाळूवर तेल थापलं. दुसऱ्या दिवशीही काही फार पुढं गेलं नाही. एका झाडाखाली गेले तर तिथं दोघी चुलतबहिणी भांडत, एकीच्या मोहाची फुलं दुसरीच्या कड्यात पडतात, ती कोणाची? "साहेब, तुमीच निकाल द्या." साहेबांनी दिला. दोघींनाही पसंत पडला नाही. सखुआत्याच्या झाडाखाली गेले तर ती म्हणाली, "माहं काय, मी आज आहो उद्या नाई. माह्यामागून पोरीचं, पोरीमागून नातीचं, नातीमागून हिचं. हिले इचारा." आणि नातीची तान्ही पोर साहेबांच्या मांडीवर ठेवली. पोर भोकाड पसरून रडली. "पाहा," आत्या म्हणाली, "नाई म्हणते."

इकडं महादेवाची कणगी तळाला लागली होती. बहिणी जेवत होत्या, भाचे जेवत होते, आणि विचारणं पुरं झाल्याशिवाय कोणी परत जायला तयार नव्हतं. मग बायकांना शोधत जावई येऊ लागले, तेही जेवू लागले. आमचे हे वर्ध्याहून गाड्या बदलत आले, घामाघूम झालेले. मला वाटलं, काळजीनं आले. आले ते सगळ्यांसमोर म्हणतात, "स्टोची पिन कुठं ठेवली?" मला धरणी फाटेल तर बरं वाटलं. साहेबांनी मोठ्या आशेनं ह्यांना जवळ बोलावलं, म्हणाले, "तुम्ही तरी समजवा हो बायकोला." तर हे म्हणतात, "साहेब, ह्या झाडापायी मी नव्या नवरीसकट गाडी चुकवली. तोडायचंच होतं तं तवाच तोडायचं होतं. आता काय फायदा?"

शेवटी साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही शहरात राहता. दवाखान्यात काम करता. शिकलेल्या आहात. तुम्ही एक हो म्हटलं की ह्या सगळ्या म्हणतील." बोलले ते वाईट मनानं नाही. खरोखर थकले होते. सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. महादेवही. आणि मी मायकडे पाहिलं.

माय बाकीच्यांसारखी आपल्या झाडाखाली नव्हती. ती शांतीच्या मोहाखाली बसली होती. शांती नवऱ्यासोबत कुठल्या तरी वीटभट्टीवर गेलेली, निरोप पोचलाच नव्हता. साहेबांनी विचारलं होतं, "हे तुमचं का?" माय म्हणाली, "नाई. ह्याची धनीण सापडली नाई. सापडेपर्यंत मी बसतो." तेव्हा मला एकदम आठवलं, टेंभरीत मायचं झाड नाहीच. तिचं झाड तिच्या माहेरी होतं. तिथं तलाव झाला, गाव उठलं, आणि चैतात गाठोडं यायचं बंद झालं. माय सासरी, तिला कोणी कळवलंसुद्धा नाही. मी लहान असताना ती एकदाच बोलली होती त्यावर, "माह्या मोहाचं मले कोणी इचारलं नाई," आणि पुन्हा कधी नाही. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या पोरींची फुलं वेचून, वाळवून, गाठोडी बांधून गावोगाव पोचवत होती. मला रडू फुटलं. लाज वाटली नाही.

मी म्हटलं, "साहेब, मी बोरगावात भाड्याच्या खोलीत राहते. तिथं भिंतीत खिळा ठोकायचा तरी मलाच घरमालकाला विचारावं लागते. अजून त्यानं हो म्हटलं नाही. सगळ्या जगात ही एकच जागा आहे जिथं कोणीतरी मला विचारते. इथंही मी हो म्हणून टाकलं, तर मग मला कोण कुठं विचारणार? माझं नाही म्हणणं आहे. आणि हे माझं एकटीचंही नाही. माझी पोरगी शाळेत गेली आहे. तिलाही विचारावं लागेल."

कोणी टाळ्या-बिळ्या वाजवल्या नाहीत. सखुआत्या फक्त म्हणाली, "खिया ठोकू देत नाई? मेला!" आणि नामदेवरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसली.

पण खरा निकाल लावला तो माझ्या भावजयीनं, पार्वतीनं. एवढ्या माणसांचा स्वयंपाक करून ती बाहेर आली, हात पुसले आणि महादेवाला म्हणाली, "तुमी अंगठा देणार असान तं द्या. मी माह्या माहेरी जाऊन माह्या मोहाखाली बसतो. चूल तुमी पेटवा." तिच्यामागून टोल्यातल्या सगळ्या सुना हेच म्हणू लागल्या. तरण्या पोरांनी आपापल्या चुलीकडे पाहिलं. मग महादेव स्वतःच साहेबांकडे गेला, आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, आमच्या बहिणी जाऊ द्या परत. तुमचं सागवान नाल्याच्या पल्याड लावा ना, तिकडं तं सारा मुरूमच आहे. खड्डे आमी खोदून देतो."

साहेब पल्याडचा मुरूम बघायला निघाले. आमच्याकडे त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढं सागवान तिकडंच लागलं, महादेवाला कामही मिळालं. मागं राहिलेल्या चुन्याच्या त्या बादलीतून पार्वतीनं घर सारवल्यावर ओटा रंगवला. आणि माय? माय शांतीच्या मोहाखालून उठली, कंबरेला हात लावून म्हणाली, "चला बायांनो, गाडीची वेळ झाली." या वेळी तिनं आम्हा सगळ्यांना झाडाला भेटायला लावलं, आणि अख्खी गाडी चुकली.

आता माय नाही, बासुद्धा नाही. नामदेवराव गेले, आरशाचा खिळा शेवटपर्यंत पावसाळ्यानंतरच राहिला. बोरगावातच आमचं स्वतःचं घर झालं. पहिल्या दिवशी मी भिंतीत इतके खिळे ठोकले की हे म्हणाले, "टांगायचं काय आहे?" टांगायला काहीच नव्हतं. तरी मला ते घर बरीच वर्षं घरासारखं वाटलं नाही, आणि टेंभरीला गेले तर तिथंही रात्री डास चावतात, नळ नाही, मी पाहुणी. माझ्या शेजारणी विचारतात, तुमचं खरं गाव कोणतं हो? मी काय सांगणार?

परवा महादेवाचा फोन आला. म्हातारा झाला तोही, आवाज कापतो. "सुमन," म्हणाला, "तुह्या मोहाची एक फांदी वाऱ्यानं कडकली. गोठ्यावर आली आहे. पाऊस आला की पडन. तोडू काय?"

एक फांदी. कुऱ्हाड त्याच्या दाराला टेकलेली असणार, गोठा त्याचा, बैल त्याचे, आणि विचारतो मला. मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. तो तिकडून "हॅलो, हॅलो" करत होता. शेवटी मी घसा साफ केला, मिशी असती तर तिच्यावरून हातही फिरवला असता, आणि म्हटलं, "मालकीण मीच आहो रे महादेवा. पण वंदना ड्यूटीवर गेली. येऊ दे तिले."